गाणं क्लिअर येतंय, पण गवई समोर बसून गातोय असं काही वाटत नाही. नेमकं कुठं बिघडतंय?

आळशी_ठाणेकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मोबाइल आणि टीव्हीवर भागवलं, आता पोरं मोठी झाली म्हटलं जरा स्वतःसाठी काहीतरी घेऊ, म्हणून साधा स्टीरिओ अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आणि साडेसहा इंची वूफरवाले, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे, दोन बुकशेल्फ स्पीकर घेतले, सगळं मिळून ४५ हजारांपर्यंत गेलं. ऐकणं म्हणजे मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, रविवारी सकाळी जुनी भावगीतं.

प्रॉब्लेम असा की आवाज येतो स्वच्छ, म्हणजे शब्द न् शब्द कळतो, पण माणूस गातोय असं वाटत नाही, डब्यात बसून कुणीतरी गातंय असं वाटतं. श आणि स कानाला टोचतात. तबल्यात डग्ग्याचा एक घुमारा अख्ख्या हॉलभर होतो आणि त्याच्या पुढचा ऐकूच येत नाही. तानपुरा तर तानपुरा वाटतच नाही, मागं कुणीतरी गॅस चालू ठेवलाय असा स्स्स आवाज.

हॉल १० बाय १४, उंची साडेनऊ फूट, खाली टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, सोफ्यामागं कोरी भिंत. स्पीकर टीव्ही युनिटच्या दोन खणांत बसवलेत, अगदी मापात बसलेत. ज्याच्याकडून घेतले तो म्हणतो अ‍ॅम्प कमी पडतोय, ७० हजारांचा घ्या. दुसरा एक म्हणाला केबल बदला. बायको म्हणते टीव्हीचा होता तोच बरा होता. आता फार तर १५ हजार अजून घालू शकतो, कुठं घालू?

सर्किटमास्तर

खिशातले १५ हजार खिशातच ठेवा तूर्त. आधी ते स्पीकर खणातून बाहेर काढा हो! मापात बसलेत म्हणता ना, तिथंच घोळ आहे. स्पीकर काही टॉर्चसारखा फक्त पुढं आवाज फेकत नाही, खालचे सूर त्याच्या चारी बाजूंनी पसरतात, आणि खणात ठेवला की मागची फळी, बाजूच्या फळ्या, वरची फळी सगळ्या मिळून ते परत ढकलतात. साधारण १०० ते ३०० हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) पट्टा फुगतो, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाचा खालचा भाग. डब्यात बसून गातंय हे तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, डब्यातच बसवलाय त्याला.

दोन स्टुलं घ्या, नाहीतर डायनिंगच्या खुर्च्या घ्या आजच्यापुरत्या. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट तरी पुढं, कोपऱ्यापासून लांब, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) बसल्यावर कानाच्या उंचीला. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढंच तुमच्यापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत, समभुज त्रिकोण. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असणार, तोही पुढं ओढा जेवढा ओढू देतील तेवढा.

डग्ग्याचं गणित खोलीचं आहे, अ‍ॅम्पचा काही संबंध नाही. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, एवढ्या लांबीत ४० हर्ट्झची लाट अडकते आणि तिची दुप्पट ८० हर्ट्झची पण. १० फुटांत ५६ ची. उंची साडेनऊ, म्हणजे ५९ ची, ती ५६ च्या शेजारीच येऊन बसली आणि दोघी मिळून गोंधळ घालतात. डग्ग्याचा सूर ८०-१०० च्या आसपास फिरत असतो, आणि वाजवणारा मनगटानं पुडीवर दाब देऊन घिस्सा काढतो तेव्हा तो सरकतो, म्हणजे सरकता सरकता एका जागी खोली त्याला उचलून धरते आणि पुढच्या जागी गिळून टाकते. लाखाचा अ‍ॅम्प आणलात तरी भिंती त्याच आहेत.

आणि हो, वायरी बघून घ्या. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरला उलटी लागली असेल तर एक पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, बास पातळ होतो आणि गायक मधोमध न बसता डोक्याच्या आसपास कुठंतरी तरंगतो. चेक करायला एखादं जुनं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारं) रेकॉर्डिंग लावा, आवाज दोन स्पीकरच्या बरोब्बर मधून यायला पाहिजे, जणू तिसरा स्पीकर तिथं ठेवलाय.

खर्जातला

मास्तरांनी हार्डवेअरचं सांगितलं, मी ऐकायचं सांगतो. सिस्टीम नॅचरल आहे का हे बघायला लोक ढोल-ताशा नाहीतर सिनेमातले स्फोट लावतात, त्यानं काहीएक कळत नाही राव. तानपुरा लावा. तुम्ही गॅस चालू असल्यासारखा स्स्स म्हणालात ना, तिथंच अर्धं निदान आहे.

तानपुऱ्याची तार घोडीवरून सरळ उडत नाही, घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो, तार त्याला घासत घासत हलते, मध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा धरायची, ती लागली की जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा तो झणझणता आवाज, उघडली. त्यानं होतं काय की तार छेडल्यावर एकच सूर विरत जात नाही, वरचे स्वर एकामागून एक उमलतात आणि विझतात. काळी एकला गाणाऱ्याची जोड, म्हणजे सा लावलेल्या मधल्या दोन तारा, साधारण १३९ हर्ट्झला, खर्जाची जाड तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास, आणि त्या खर्जातून निघणारे वरचे स्वर पार काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. म्हणजे एकच तार तुमच्या वूफरलाही काम देते आणि ट्वीटरलाही. दोघांची सांधेजोड नीट नसेल, किंवा ट्वीटर जास्त पुढं पुढं करत असेल, तर खालचा भाग वेगळा घुमतो आणि वरचा सुटून स्स्स होतो. चांगल्या सिस्टीमवर खर्जाच्या तारेत गंधार ऐकू येतो, कुणी वाजवलेला नसताना. तो आला की बाकीचं बहुतेक सगळं आपोआप येतं.

मिरजेला गेलात तर सतारमेकर गल्लीत कुठल्याही दुकानात पाच मिनिटं उभे राहा, कुणी ना कुणी जवारी काढत बसलेलं असतंच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय टॅग पण मिळाला. तो आवाज एकदा कानात घेऊन या आणि मग घरचा ऐका.

तबल्याचंही तसंच. चाटेवरचा (कडेचा) ना, मधला तिं, आणि शाईवरचा (मधल्या काळ्या गोलावरचा) ते हे तिन्ही वेगळे कळले पाहिजेत. शाईमुळं तबल्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत येऊन बसतात, साध्या ढोलाचे तसे बसत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलंय. म्हणूनच तबला 'सुरात' लागतो. सिस्टीमवर तबला नुसता ठोकळा वाजवल्यासारखा येत असेल तर मधला पट्टा बिघडलाय समजा.

भोंगा_१९७२

एक पिन मारतो, राग मानू नका. नॅचरल नॅचरल म्हणजे कुणाशी ताडून? आपल्यापैकी किती जणांनी बिनमाइकची बैठक ऐकलीय? सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, मी पण मांडवात बसलोय, पण तिथं ऐकतो ते शेवटी दोन बाजूंचे भलेमोठे स्पीकरच ना. माझ्या वडिलांना व्हॉल्व्हच्या रेडिओवरचा बालगंधर्वांचा आवाजच खरा वाटायचा, मी सीडी लावली की म्हणायचे हे कसलं कोरडं. आणि माझ्या मुलाला हेडफोनशिवाय काही खरं वाटत नाही.

एडिसनच्या कंपनीनं १९१५ पासून अमेरिकेत गावोगाव टोन टेस्ट म्हणून कार्यक्रम केले. स्टेजवर गायिका, शेजारी फोनोग्राफ, दिवे घालवायचे, आणि लोकांना कळायचं नाही म्हणे कधी बाई गातेय आणि कधी यंत्र. आज ती रेकॉर्ड ऐका, खरखर आणि नाकातला आवाज. त्यातल्या अ‍ॅना केस या गायिकेनंच म्हातारपणी सांगितलं की मी आवाज यंत्राला जुळेल असा लावायचे. म्हणजे कान काय, फसायला तयारच बसलेले असतात. तुम्हाला जे आवडतं ते घ्या आणि मजेत ऐका, उगाच तानपुऱ्यात गंधार शोधत बसाल आणि गाणं राहून जाईल.

सर्किटमास्तर

भोंगाभाऊ, किस्सा मस्त, पण त्यावरून सगळं आवडीवर सोडून देता येत नाही. फ्लॉइड टूल नावाचा माणूस आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि मग हार्मन कंपनीत आयुष्यभर हेच करत होता, पडद्यामागं स्पीकर ठेवायचे, लोकांना ब्रँड, किंमत, आकार काही दिसू द्यायचं नाही आणि नुसतं ऐकून मार्क द्यायला लावायचे. तुमच्या म्हणण्याप्रमाणं ज्याची त्याची आवड वेगळी निघायला हवी होती, पण बहुतेकांचे कल एकाच दिशेला गेले. समोरून ऐकताना कुठलाच पट्टा वरखाली न करणारा स्पीकर, आणि बाजूला फेकला जाणारा आवाजही त्याच वळणाचा, हळूहळू उतरत जाणारा. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हेच स्पीकर झाकून आणि उघडे ठेवून दोन्ही प्रकारे ऐकवले, उघडे ठेवल्यावर मार्क बदलले. कान फसतात हे तुमचं खरं, पण फसवतात डोळे.

बाजूचा आवाज का महत्त्वाचा, तर घरात आपण नुसता स्पीकर ऐकत नाही. थेट आवाज कानावर येतो आणि काही मिलिसेकंदांत तोच काचेवरून, भिंतीवरून, फरशीवरून परत येतो. मेंदू हे सगळं एकत्र करून माणूस किती लांब बसलाय, कसा बसलाय ते ठरवतो. साडेसहा इंची वूफर दोन-अडीच हजार हर्ट्झजवळ गेला की त्याचा आवाज बाजूला कमी पसरतो, समोरच जास्त जातो, आणि तिथून पुढं छोटा ट्वीटर सुरू होतो तो एकदम सगळीकडं पसरतो. मग भिंतीवरून येतो तो आवाज थेट आवाजाहून वेगळ्याच रंगाचा असतो, आणि मेंदू म्हणतो हा एक माणूस नव्हे, हे दोघं आहेत. आळशीभाऊंच्या श-स टोचण्याचं हे एक कारण असू शकतं, विशेषतः ती काच ट्वीटरच्या जवळ असेल तर.

तिसरा_मजला

काचेवरून आठवलं. हॉलच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. नुसतं टप् न येता टर्र्र असं धातूसारखं शेपूट आलं तर समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंती आवाज टोलवतायत. आमच्याकडं नवीन फ्लॅटमध्ये सामान यायच्या आधी इतकं होतं की फोनवर बोलता येत नव्हतं. आपल्याकडच्या घरांत हाच मोठा प्रॉब्लेम आहे, परदेशी व्हिडिओत दाखवतात त्या खोल्यांत खाली कार्पेट, जिप्समच्या पोकळ भिंती, आणि आपल्याकडं टाइल्स, ग्रॅनाइट, काँक्रीट, काच. तोच स्पीकर तिथं गोड आणि इथं चिरका.

त्यासाठी लगेच पॅनल मागवू नका. तुम्ही सोफ्यावर बसा, घरातल्या कुणाला तरी आरसा घेऊन बाजूच्या भिंतीवरून सरकवायला सांगा, आरशात जिथं स्पीकर दिसेल तिथून आवाज उडी मारून तुमच्याकडं येतोय. त्या जागी कपड्यांचा स्टँड ठेवून त्यावर कापसाची गादी नाहीतर दुहेरी गोधडी टाका आणि तेच गाणं परत ऐका. फरक पटला तर मग कायमचं काहीतरी करा, पुस्तकांचं उघडं कपाट सगळ्यात उत्तम, वेगवेगळ्या खोलीची पुस्तकं असली की आवाज विखुरतो पण. खाली जाड सतरंजी. काचेला पडदा लावताना पातळ नको, पातळ पडदा फक्त वरचे सूर खातो आणि घुमणं तसंच राहतं, मग तक्रार येते की आता सगळं दबलेलं वाटतंय. हजार हर्ट्झची पाव लाट साडेआठ सेंटीमीटरची असते, त्याच्या खालचं काही शोषायचं तर जाडी पाहिजेच. अंड्यांचे ट्रे कुणी सांगेल, त्यांचा काही उपयोग नाही, उगाच झुरळं होतील.

आणि एक कुणी बोलत नाही ते म्हणजे पंखा! पाचावर पंखा आणि खाली रिक्षा, बसची रहदारी, आणि मग म्हणायचं तानपुरा ऐकू येत नाही. मंद तपशील सगळे त्यात बुडतात. पंखा दोनवर आणा, बाल्कनीची काच लावा, मग ठरवा अ‍ॅम्प कमी पडतोय का ते.

आळशी_ठाणेकर

बाप रे, एवढं वाचून आधी चहा केला. मग शनिवारी बायको माहेरी गेल्यावर कार्यक्रम केला. स्पीकर डायनिंगच्या खुर्च्यांवर, सोफा भिंतीपासून दीडेक फूट पुढं. वायरी बरोबरच होत्या. पण खणातून बाहेर काढल्यावर काय फरक पडला राव, नाट्यपदात पेटी वेगळी आणि गवई वेगळा, आधी दोघं एकमेकांच्या मांडीवर बसले होते. डब्यातला आवाज गेलाच म्हणा. डग्गा अजून घुमतो पण सोफा पुढं घेतल्यावर कमी झाला. टाळीला टर्र्र येतं, भरपूर येतं. गोधडी टाकल्यावर श-स बोथट झाले, मला आवडलं.

तानपुऱ्यात मात्र गंधार वगैरे काही नाही अजून, स्स्स कमी झालाय एवढंच. आणि आवाज लहान ठेवला की सगळं पातळ वाटतं, मोठा केला की शेजारचे काका. मी बहुतेक सगळं यूट्यूबवरून लावतो, त्याचा काही संबंध असेल का?

रेडिओवाली

असेल का म्हणजे काय, तोच असणार दादा! जुन्या मैफिलींची जी अपलोड असतात त्यातली निम्मी कुणीतरी टेपवरून काढून आधी नॉइज रिडक्शनमधून गाळलेली असतात. ते सॉफ्टवेअर सतत, एकसारखा येणारा आवाज शोधतं आणि खातं. टेपची खरखर सतत असते, तानपुराही सततच असतो. बिचारा खरखरीबरोबर तोही जातो, उरतं ते पाण्याखाली वाजल्यासारखं काहीतरी. वर कुणीतरी त्याला स्टीरिओ करायचं म्हणून खोटा हॉलचा घुमारा चढवतो. मूळ आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, ती मोनोच छान वाटतात. त्यामुळं आधी नीट काढलेली एखादी सीडी, किंवा पैसे देऊन मिळणारं चांगलं स्ट्रीमिंग, त्यावर तानपुरा ऐका आणि मग सिस्टीमला नावं ठेवा. सीडी १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची, घरच्या ऐकण्याला ती भरपूर झाली, त्याच्या वरच्या आकड्यांसाठी जादा पैसे घालू नका.

आणि हेही धरून चाला की जुनं ते जुनंच. १९२५ च्या आधीच्या तबकड्या कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या आहेत, माइक नव्हताच, त्यात खालचे आणि अगदी वरचे सूर मुळात उतरलेलेच नाहीत. ते कुठलाही स्पीकर परत आणू शकत नाही. त्या तबकड्या ऐकायच्या त्या गायकीसाठी.

आवाज लहान केल्यावर पातळ वाटणं हे कानाचं आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून ठेवलंय, आवाज मंद झाला की खालचे सूर कानाला मधल्यापेक्षा जास्त कमी ऐकू येतात. जुन्या अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण असायचं ते ह्यासाठीच, तुमच्यावर असेल तर रात्री दाबा, दिवसा काढा. पूर्ण आवाजात ऐकायचं म्हणजे कानठळ्या नव्हेत, समोर सहा-सात फुटांवर बसलेला माणूस गाईल तेवढा. गंमत म्हणजे लोक एकतर फार हळू ऐकतात नाहीतर लग्नाच्या हॉलसारखं, माणसाच्या मापात कुणी ऐकतच नाही. शेजारच्या काकांना संध्याकाळी एकदा बोलवा, आवडलं तर तक्रार बंद.

भोंगाभाऊंच्या शंकेलाही ह्यातच उत्तर आहे. बैठक ऐकली नसेल, पण घरातल्या माणसाचं बोलणं तर रोज ऐकता ना? बीबीसीचे इंजिनियर स्पीकर तपासताना ओळखीच्या माणसाचं बोलणं वापरायचे, माणूस प्रत्यक्ष आणि तोच स्पीकरमधून. त्यांचा एलएस३/५ए नावाचा छोटासा मॉनिटर १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीसाठी बनवला, त्याला बास फारसा नाही पण माणसाचा आवाज असा की आजही लोक जुने शोधत फिरतात. वहिनी परत आल्या की गच्चीवर नेऊन त्यांचं दोन मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा, गच्चीवर अशासाठी की खोलीचा घुमारा त्यात आधीच नको, नाहीतर तो दोनदा ऐकू येईल. मोबाइलवर करणार असाल तर आवाज सुधारण्याच्या सेटिंग बंद करून. मग एका स्पीकरवरून लावा, दोन नको. त्या स्वयंपाकघरातून बोलतायत असं वाटलं तर सिस्टीम ठीक. सर्दी झाल्यासारखं वाटलं तर अजून काम आहे.

भोंगा_१९७२

वहिनींनी आपलाच आवाज ऐकला तर म्हणतील हा माझा नव्हेच. त्यांना विचारू नका, शेजारच्या काकांनाच विचारा.

बाकी हे पटलं बरं का.

सर्किटमास्तर

आळशीभाऊ, १५ हजारांचं आता सांगतो. अ‍ॅम्पमध्ये एक रुपया नको. तुमच्या हॉलमध्ये माणसाच्या मापात ऐकायला काही वॉटच लागतात, ४०-५० वॉटचा असेल तर तो आरामात झोपा काढतोय. केबलही साधी जाड तांब्याची घ्या, मीटरवर मिळते ती. डिजिटल इफेक्ट, मूव्ही मोड, बास बूस्ट असलं काही चालू असेल तर बंद करा, डायरेक्ट बटण असेल तर ते दाबा.

पहिला खर्च स्टँड. लोखंडी, खाली जड, वर स्पीकरच्या तळाएवढी प्लेट. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले तर ऑनलाइनपेक्षा बरेच स्वस्त पडतात. उंची ठरवताना आपल्या सोफ्यावर बसून जमिनीपासून कानापर्यंत टेप लावा, त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतचं अंतर वजा करा, तेवढा स्टँड. पोकळ पाइपात कोरडी वाळू भरायला सांगा, म्हणजे तो स्वतः वाजत नाही.

उरलेल्यात आरशाच्या दोन जागांवर आणि सोफ्यामागच्या भिंतीवर रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) पॅनल, चार इंच जाड, कापड लावून, सुताराकडून फ्रेम करून घ्या, वहिनींना आवडेल ते कापड, म्हणजे परवानगी मिळते. सोफ्यामागचा पॅनल आधी, कारण तुमचं डोकं त्या भिंतीला सगळ्यात जवळ आहे. डग्ग्याला मात्र पॅनलनं फारसा फरक पडणार नाही, तिथं सोफाच थोडा पुढंमागं करत राहावं लागेल, एकेक वीत सरकवा आणि दर वेळी तोच ठेका लावा. हॉलच्या बरोब्बर मध्ये बसू नका, तिथं ४० हर्ट्झ जवळजवळ गायबच असतो.

स्टँड झाले की मापं इथं टाका, स्पीकर किती आत वळवायचे ते मग बघू.